पीओपीचं गॉथिक

माझ्या चुलतभावाचं म्हणणं असं की कल्याणचं आमचं चर्च चर्चसारखं दिसत नाही. हा साक्षात्कार त्याला साठीत, युरोपची टूर करून आल्यावर झाला. त्याआधी त्याचा बाप्तिस्मा, त्याचं लग्न, पोरांचे बाप्तिस्मे, आईवडिलांची शेवटची उपासना, सगळं त्याच इमारतीत झालेलं, आणि एकदाही त्याला शंका आली नव्हती की आपण चुकीच्या पत्त्यावर आलोय. मग टूरवाल्यांनी त्याला बसमधून उतरवून, मान वर करायला लावून, मोठमोठ्या दगडी कमानी दाखवल्या. पठ्ठ्याने फोटो काढले आणि परत आला तो थेट आर्किटेक्चरचा जाणकार होऊनच. त्यात तो आमच्या मंडळीचा सेक्रेटरी. मंडळी म्हणजे आमच्यात चर्चचे सभासद, आणि सेक्रेटरी म्हणजे ज्याच्या हातात किल्ल्या असतात तो माणूस. किल्ल्या हातात आल्या की मतं फुटायला वेळ लागत नाही, हे मी आमच्याकडे तीन-चार सेक्रेटऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

"ताई, हे बघ," तो फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाला. "ह्याला म्हणतात गॉथिक. आणि आपलं काय आहे? गुड्स शेड."

मी ठाण्याला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढण्यात जन्म घालवला. आधी ड्रॉइंग बोर्डावर, मग कॉम्प्युटरवर. मला गुड्स शेड, म्हणजे रेल्वेची मालाची वखार, हा शब्द शिवीसारखा वाटत नाही. गुड्स शेड निदान खोटं बोलत नाही. जो खांब दिसतो तो खरोखर काहीतरी उचलत असतो. मी त्याला तसं सांगितलं, तर तो हसला आणि पुढचा फोटो दाखवायला लागला.

चर्च कसं आहे ते सांगते. आहे म्हणजे, होतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला, कल्याणला रेल्वेची वसाहत वाढत होती तेव्हा बांधलेलं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर उतरतं कौलारू छप्पर, टोकदार कमानीच्या उंच खिडक्या आणि दाराशी एक बुटका बुरूज, त्यात घंटा. आत छताला काही आवरण नाही. मान वर केली की सरळ सागाच्या कैच्या दिसायच्या. कैची म्हणजे छपराचा भार पेलणारा लाकडाचा त्रिकोण. तसे त्रिकोण एकामागे एक, पार वेदीपर्यंत, आणि त्यांच्या वर वासे आणि कौलं. नक्षी नाही, पुतळे नाहीत, रंगीत काचा नाहीत.

आता कोणी म्हणेल, बाई जुन्याचं कौतुक सांगतेय. मुळीच नाही. तीही नक्कलच होती. ज्या गोऱ्या मिशनरी साहेबाने ती काढली त्याच्या देशात तेव्हा एक खूळ चालू होतं. बाहेर गिरण्यांचे भोंगे वाजतायत, आगगाड्या धावतायत, आणि ह्यांना देवासाठी घर बांधायचं म्हटलं की सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचंच हवं. कमान टोकदार असली की श्रद्धा जास्त, असा त्यांचा हिशोब. ते खूळ बोटीतून इकडे आलं. छप्पर तीव्र उताराचं का, तर बर्फ घसरून पडावा म्हणून. कल्याणात बर्फ पडत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. पाऊस पडतो, म्हणून निभावलं.

त्याच सुमाराला दुसऱ्या काही साहेबांच्या डोक्यात उलटं खूळ शिरलेलं. त्यांचं म्हणणं, इथल्या माणसांना परकं वाटू नये, म्हणून चर्चला घुमट द्या, छत्र्या द्या, खांबांवर कमळं काढा. असं एक चर्च देशावर माझ्या आजोळाजवळ आहे. लहानपणी मला ते फार आवडायचं. मग एकदा बाबांनी सांगितलं की ते बांधलं तेव्हा गावातले म्हातारे आत जाऊन गप्पच झाले होते. ज्या देवळांच्या पायरीला आमच्या लोकांना शिवू देत नव्हते, त्याच देवळांचा घुमट साहेबाने कौतुकाने आमच्या डोक्यावर आणून ठेवला. वर विचारलं म्हणे, आता घरच्यासारखं वाटतं ना? ह्या साहेबाने ना त्या साहेबाने, कोणीच आमच्या लोकांना आधी विचारलं नव्हतं.

कल्याणच्या आमच्या साहेबाकडे मात्र एक गुण होता. त्याला वरून फारसे पैसे मिळत नव्हते. त्यामुळे नक्कल करायची हौस असूनही त्याला नुसतं लागेल तेवढंच बांधता आलं. भिंत, छप्पर, खिडकी. वर्षं गेली तशी ती नक्कल आपली आपण इमारत होऊन बसली.

आणि एक गोष्ट तिथे आपोआपच जमून गेली. त्या छपराखाली आवाज लागायचा.

इथे माझे वडील येतात. बाबांचं वय आता पंच्याऐंशीच्या पुढे. काचबिंदूने डोळे गेले, आता फक्त उजेड कुठून येतो तेवढं समजतं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, ते माझ्याकडे असतात, डोंबिवलीला मानपाड्याच्या फ्लॅटवर. चालणं भिंतीला धरून. वाचन बंद, बाजार बंद, पत्ते बंद. एकच काम उरलेलं, ते म्हणजे रविवारी ओळ द्यायची.

आमच्या चर्चची ही जुनी रीत आहे. पहिल्या पिढीत बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून एकाने पुढे उभं राहून गायनाची पहिली ओळ एकट्याने म्हणायची, बाकीच्यांनी ती नुसती ऐकायची, आणि त्याने दुसरी ओळ घेतली की तिथपासून सगळ्यांनी उचलायची. पुढे सगळे शिकले, हातात पुस्तकं आली, भिंतीवर स्क्रीन आला, पण उपासनेचं पहिलं गायन आजही असंच सुरू होतं. बाबा तरुणपणापासून ओळ देत आले. पेटी नाही, माईक नाही. पाहुणे पाळक, म्हणजे दुसऱ्या चर्चचे पाद्री, आले की त्यांना ह्याचं आश्चर्य वाटायचं.

घरी बाबांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. त्यांनी पाणी मागितलं तर मला मिक्सर बंद करून पुन्हा विचारावं लागतं. पण चर्चमध्ये ते ओळ म्हणायचे तेव्हा तोच बारीक आवाज त्या कैच्यांमध्ये चढायचा, वर जरा भरायचा आणि सगळ्यांवरून फिरून खाली यायचा. ओळ संपली की बाबा मान किंचित वर करून थांबायचे. आवाज परत येईपर्यंत थांबायचे. तो आला, आणि त्याच्यासोबत मागच्या बायकांच्या बांगड्या, पुस्तकांची पानं, कोणाचं खोकणं असं सगळं पुढे आलं, की मग दुसरी ओळ. त्या जागेत कोणी मागच्या बाकावर कुजबुजलं तरी वेदीपाशी कळायचं. डोळे गेल्यावर बाबांना मंडळी दिसायची ती अशी.

"तिथे माझा आवाज मला परत मिळतो," ते एकदा मला म्हणाले. "घरी तो जातो तो जातोच."

म्हणून भावाने जेव्हा छताला पीओपी करायचं काढलं, तेव्हा मी म्हटलं, कैच्या तेवढ्या सोडा. खिडक्या-बिडक्यांचं काय करायचं ते करा. छप्पर झाकलं तर बाबांच्या हातात काही उरणार नव्हतं, हे मला त्याच दिवशी दिसलं.

न्याय करायचा तर छप्पर गळत होतं. कौलं सरकलेली, दर पावसाळ्यात कीबोर्डावर प्लास्टिक टाकावं लागायचं. मे महिन्यात आत बसवत नाही, हेही खरं. मग कौलं बदला ना. कौलांखाली पत्र्याचा थर द्या, पंखे वाढवा. हे सगळं मी एका कागदावर छपराचा उभा छेद काढून कमिटीपुढे नेलं. कमिटीने तो कागद हातोहात फिरवला. एकाने उलटा धरला होता.

भावाने आणलेली डिझायनर तिथे बसलेली. तिने लॅपटॉपवर थ्रीडी दाखवलं. सागाच्या कैच्या गायब. त्यांच्या खालून, तुळयांच्या पातळीला, पांढरंशुभ्र छत, आणि त्या छतावर पीओपीच्या फासळ्या. युरोपातल्या फोटोत दगडी कमानींच्या फासळ्या जशा वर जाऊन एकमेकींना भेटतात, तशाच. जिथे भेटतात तिथे एक फूल, फुलातून झुंबर. कडेने लपवलेले जांभळे दिवे. खिडक्यांना स्लायडिंग आणि काचेवर रंगीत स्टिकर, म्हणजे लांबून चित्रांच्या काचा वाटतील. बायकांनी ओह केलं. ज्यांच्यावर मी भिस्त ठेवून आलेले त्याच बायकांनी.

"ही फासळी काय उचलते?" मी विचारलं.

"म्हणजे?" डिझायनर म्हणाली.

"फासळी असते ती वरचा भार उचलायला. दगडी छताचं वजन तिच्यातून भिंतीत उतरतं. ही काय उचलते?"

"ताई, तो लूक आहे," भाऊ मध्ये पडला.

"आणि ती स्वतः कशाला टांगलेली आहे?"

डिझायनरने स्क्रीन मोठा करून दाखवला. वरच्या कैच्यांना तारा बांधून. म्हणजे जी लाकडं शंभर वर्षं खरोखर छप्पर पेलतायत, त्यांच्याच गळ्यात हे लटकणार आणि खालून भार पेलल्याचं नाटक करणार. मी हे बोलले. सगळ्यांना वाटलं मी वजनाबद्दल शंका काढतेय. डिझायनरने मला समजावलं की पीओपी एकदम लाइटवेट असतं.

हे असलं मी नोकरीत काही कमी पाहिलेलं नाही. कोलशेतला पूर्वी कारखाने होते तिथे टॉवर उभे राहिले, त्यांच्या गेटांचे नकाशे मीच काढलेत. रोमन खांब, वर त्रिकोणी माथा, दोन्ही बाजूंना सिंह. खांब फायबरचे, आतून पोकळ, आणि एका खांबातून गच्चीच्या पाण्याचा पाइप खाली सोडलेला. पावसाळ्यात त्या रोमन खांबाच्या पोटात गडगडायचं. बिल्डरला ते कधी विचित्र वाटलं नाही, राहायला आलेल्यांनाही नाही. मीही पगार घेऊन मुकाट्याने काढत राहिले, कारण ते गेट होतं. गेटातून माणूस दोन सेकंदांत आत जातो. त्याच्याखाली उभं राहून कोणी गात नाही.

कमिटीला पटेना, म्हणून मी शेवटी डिझायनरला एका दुपारी चर्चमध्ये बोलावलं आणि बाबांना घेऊन गेले. म्हटलं, तुला कागद वाचता येत नसेल तर कानांनी ऐक. बाबा पुढे उभे राहिले आणि त्यांनी एक ओळ म्हटली. रिकाम्या चर्चमध्ये तो आवाज वर गेला आणि कितीतरी वेळ राहिला. डिझायनर फोन काढून रेकॉर्ड करत होती.

"अंकल, सो स्वीट," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, जरा काळजीने, "मॅम, इथे खूप इको आहे. ह्याला ट्रीटमेंट द्यावी लागेल."

पुढच्या बैठकीत नव्या गोष्टी दाखल झाल्या. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, बाकांच्या जागी गादीच्या खुर्च्या, आणि छताच्या वर ग्लासवूल, म्हणजे आवाजही मरेल आणि एसीची थंडीही टिकेल. हात वर करून मत घेतलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुचवली. त्यांची बदली तोंडावर आलेली, त्यामुळे त्यांना कोणतीच बाजू घ्यायची नव्हती. माझा हात एकटाच विरुद्ध होता. बाबांना मत होतं, पण ते म्हणाले, "पोरं करतायत तर करू दे. कौलं गळतातच. देवाच्या घराला कोणी मुद्दाम वाईट करतं का?"

बाबांना नकाशा दाखवता येत नव्हता. मी तोंडी सांगितलं, तर त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ओळ मीच द्यायची ना?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

"मग झालं. माझं आता तेवढंच काम आहे."

राग येतो तो ह्याचा की भाऊ वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं. लहानपणी बाबांनीच त्याला गायला शिकवलं, आणि त्याचा काकांवर जीव आहे. "नव्या चर्चच्या समर्पणाच्या दिवशी ओळ काकाच देणार," तो सगळ्यांना सांगत सुटलेला. "हे सगळं त्यांच्यासाठीच तर चाललंय." असं म्हणताना त्याचे डोळे खरोखर भरायचे. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची, आणि त्याच वेळी त्याच्या घरी जाऊन मी चहा पीत होते. नातं म्हणजे असंच असतं.

काम सुरू झालं. उपासना शेजारच्या संडे स्कूलच्या खोलीत व्हायला लागली. मी मध्ये मध्ये डोकावायचे. पोरं परांचीवर चढून फासळ्या चिकटवत होती. फासळी साच्यातून काढलेली, तिची मागची बाजू उघडी, आत काथ्या दिसतोय. एकदा एक फासळी छताला नीट जुळेना, तर तिची लांबी करवतीने कापून बसवली आणि फटीत पुट्टी भरली. आठशे वर्षांची परंपरा करवतीने कापताना मी पहिल्यांदा पाहिली. भाऊ खाली उभा राहून व्हिडिओ काढत होता.

खुर्च्यांसाठी आम्ही विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. मी गेले कारण बाबांना कोणती उठायला सोपी जाईल ते बघायचं होतं. दुकानदाराने लग्नाच्या हॉलसाठी चालतात त्या मरून रंगाच्या मखमलीच्या दाखवल्या. "चर्चवाले भी यही ले जाते हैं," तो म्हणाला. भाऊ खूश. सतरंजीवर पुढे बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचं काय, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, आता कोण खाली बसतं? बरं दिसतं का ते?" त्या बायकांपैकी दोघी पुढे गुडघ्यांचं निमित्त सांगून मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या. सतरंजी बुरुजात घंटेच्या दोरीखाली गुंडाळून टाकलेली मी पाहिली.

मग माईकचं निघालं. छत होईस्तोवर भावाच्याही बहुतेक लक्षात आलेलं की काकांचा आवाज मागे पोचणार नाही. कबूल करायचं कोणी? त्याने कॉलरला लावायचा माईक आणला आणि संडे स्कूलच्या खोलीत बाबांना लावून दिला. बाबांनी ओळ सुरू केली. आवाज त्यांच्या पाठीमागच्या डब्यातून आला, जाड आणि मोठा. बाबा मध्येच थांबले आणि मागे वळले.

"कोण गातंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, काका," भाऊ म्हणाला.

"मी इथे आहे. तो तिकडे आहे." त्यांनी चाचपून कॉलरचा माईक काढला आणि त्याच्या हातात दिला. "हे नको, बाळा. मला घाबरायला होतं."

तेव्हा भावाने माझ्याकडे पाहिलं. बोलायचं ते माझं आधीच, उभ्या छेदासकट, बोलून झालेलं.

समर्पणाच्या दिवशी सकाळपर्यंत आत रंगाचा वास होता, त्यामुळे बाबांना आधी एकदा नव्या चर्चमध्ये न्यायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. बाहेर मांडव. नगरसेवक आला, फीत कापायची म्हणून त्याच्यापुढे कात्रीचं ताट. दारावर बॅनर, त्यावर भावाचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, ऐतिहासिक गॉथिक शैलीत नूतनीकरण. हे वाचून मला हसावं की रडावं ते समजेना. ऐतिहासिक होतं ते ह्यांनी झाकलं, आणि ज्याने झाकलं त्याच्यावर ऐतिहासिक लिहिलं. भाषणं सुरू झाली. बाबांना इतका वेळ उभं राहवेना, म्हणून मी त्यांना बाजूच्या दाराने आत नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

आत गार होतं. जांभळे दिवे लागलेले. फासळ्या एकदम पांढऱ्या, वर जाऊन फुलाला भेटणाऱ्या, आणि खरं सांगायचं तर फोटोत छान आल्या असत्या. बाबांनी खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली.

"मऊ आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पंखे बंद आहेत का?"

"एसी आहे, बाबा."

"बरं."

त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. आठवडाभर ते सकाळी गॅलरीत बसून ओळ पुटपुटत होते. गळा बसू नये म्हणून त्यांनी दही सोडलेलं. मी शेजारी बसून वर बघत राहिले आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालत राहिले. आधी साहेबाला, मग टूरवाल्यांना, डिझायनरला, हात वर केलेल्या बायकांना. भावाला सगळ्यात शेवटी.

मग दारं उघडली आणि मंडळी आत आली. सगळी आली. लग्नाला येत नाहीत इतकी आली. पण गालिच्यावर पावलं वाजत नाहीत, आणि गादीच्या खुर्च्या सरकत नाहीत. लोक वर बघत, फोन वर धरून, आपापल्या जागी जाऊन बसले. एसीची एकसुरी घरघर तेवढी चालू होती. पाळकसाहेब वेदीपाशी उभे राहिले. भाऊ बाजूला, हातात माईक घेऊन, लागला तर द्यायला. त्याने मला मानेने खूण केली.

मी वाकून बाबांच्या कानात म्हटलं, "उभे राहा, बाबा."

ते माझ्या खांद्याला धरून उठले. शर्ट खाली ओढला. घसा साफ केला, आणि ओळ म्हटली.

चांगली म्हटली. शेजारी असल्यामुळे मला पूर्ण ऐकू आली, सूर कुठेही हलला नाही. मी मागे वळून पाहिलं, तर तिसऱ्या-चौथ्या रांगेतली माणसं कान पुढे करून बघत होती, आणि त्यांच्या मागची नुसतीच बघत होती. ओळ संपली. बाबांनी मान किंचित वर केली आणि ते थांबले.

थांबले. वर काहीच नव्हतं. एसी चालू होता. मागून बांगडी नाही, पान नाही, खोकला नाही. दुसरी ओळ त्यांनी घेतली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं ऐकणं होतं, मग गोंधळ आला, मग जरा ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी माझ्या बाजूला तोंड केलं.

"अगं, मंडळी आली नाहीत का अजून? तू मला आधीच उभं केलंस."

पहिल्या रांगेने ऐकलं. भावाने ऐकलं. तो माईक घेऊन एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला. त्याला ऐकवायला माझ्याकडे कितीतरी दिवसांचं साठलेलं होतं. मी त्याच्याकडे बघत, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"नाही आली, बाबा. कोणीच आलेलं नाही. बसा तुम्ही."

बाबा खुर्ची चाचपून बसले. गुडघ्यांवर हात ठेवले.

"आली की सांग," ते म्हणाले.